शिवाजीनगरची माऊली

शहाजीराजांच्या जहागिरीतल्या बंगळूरु शहराची शिवाजीनगर ही पेठ मराठी माणसाला नावानेच जवळची वाटते. पण तिची खरी ओळख सेंट मेरी बॅसिलिका. इंग्रजांची छावणी इथे 1809 मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधी तमिळ मुलखातल्या जिंजीकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी इथे गवताने शाकारलेलं प्रार्थनास्थळ उभारलं होतं. पुढे फ्रेंच धर्मगुरू आबे द्युब्वा यांनी छोटं चर्च बांधलं. आजची उंच मनोऱ्याची गॉथिक वास्तू 1882 ची. बिशपचं आसन असलेलं कॅथेड्रल जवळच, क्लीव्हलँड टाऊनमध्ये आहे; तरी गर्दी लोटते ती इथेच. 1973 मध्ये पोपनी या चर्चला बॅसिलिकेचा मान दिला.

इथली मेरी साडी नेसते. 29 ऑगस्टपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, चालतात आणि 8 सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिनी, तिचा रथ निघतो. रथयात्रेला येणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमानही असतात, आणि मला या जागेचं मोठेपण त्यातच दिसतं. जाल तर शेजारचं, 1927 मध्ये बांधलेलं रसेल मार्केटही पाहा. फुलं, फळं, भाजी, मासळी सगळं एका छताखाली मिळतं.