स्टीलची टाकी बनवताना हॉट रोल्ड पत्रा घ्यावा की कोल्ड रोल्ड?

गंगाखेड परिसरात गोदाकाठच्या उसामुळे गुऱ्हाळे आहेत, आणि जोडधंदा म्हणून दूधही आहे. दूध साठवायला, उसाचा रस गोळा करायला किंवा पिण्याचे पाणी ठेवायला अनेक जण स्थानिक वर्कशॉपमधून स्टेनलेस स्टीलची टाकी बनवून घेतात. तिथे पहिला प्रश्न येतो, “एचआर लावू की सीआर?” एचआर म्हणजे हॉट रोल्ड आणि सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड. फरक माहीत नसेल तर आपण दर बघून हो म्हणतो आणि पैसे चुकीच्या जागी जातात.

दोन्हींत फरक काय?

हॉट रोल्ड पत्रा स्टील लालबुंद तापलेले असताना, साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास, रोलरमधून काढतात. नंतर आम्लाने धुऊन वरची काळी खपली काढतात. पृष्ठभाग पांढुरका, मंद आणि हाताला खरखरीत लागतो. बाजारात याला ‘नंबर वन फिनिश’ म्हणतात. हा पत्रा बहुधा ३ मि.मी. आणि त्याहून जाड मिळतो.

कोल्ड रोल्ड पत्रा म्हणजे हाच पत्रा थंड अवस्थेत पुन्हा रोलरमधून काढून पातळ व गुळगुळीत केलेला. टाक्यांसाठी त्याचा ‘टू बी फिनिश’ सर्वाधिक वापरतात. जाडी सगळीकडे जास्त एकसारखी असते आणि ३ मि.मी.पेक्षा पातळ पत्रा बहुतेक याच प्रकारात मिळतो.

आधी ग्रेड, मग रोलिंग

एचआर किंवा सीआर ही पत्रा बनवण्याची पद्धत आहे. त्यावरून गंज लागेल की नाही हे ठरत नाही, ते ग्रेडवर ठरते. शिवाय साध्या लोखंडी पत्र्यालाही बाजारात एचआर, सीआर हेच शब्द वापरतात. म्हणून कोटेशनमध्ये नुसते ‘एचआर पत्रा’ लिहिलेले असेल तर तो स्टेनलेस आहे का, हे आधी विचारा.

- ३०४: सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दूध, रस व पिण्याच्या पाण्यासाठी हाच योग्य.
- ३०४ एल: कार्बन कमी, त्यामुळे वेल्डिंगजवळ गंजण्याचा धोका कमी. जाड पत्र्याला विशेष उपयोगी.
- ३१६: यात सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असते. खारट पाण्यासाठी चांगला, पण महाग.
- २०२ आणि त्या मालिकेतील इतर: निकेल कमी, मँगनीज जास्त. स्वस्त असतो, पण दूध-रसाच्या टाकीला टाळा.

लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येत नाही. २०२ ला देखील चुंबक चिकटत नाही, आणि वाकवलेल्या ठिकाणी खऱ्या ३०४ ला तो किंचित चिकटू शकतो. खात्रीसाठी मँगनीज ओळखणारे टेस्ट किट वापरा किंवा पत्र्याचे मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा.

कोणत्या टाकीला काय?

- दूध: कोल्ड रोल्ड ३०४. दुग्धव्यवसायात दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनपेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. टू बी फिनिश त्यात बसतो. नंबर वन फिनिशच्या खाचांत दुधाचा थर राहतो, जंतू वाढतात आणि दूध नासते.
- उसाचा रस: रस आम्लधर्मी असतो आणि लगेच आंबतो. इथेही धुवायला सोपा कोल्ड रोल्ड ३०४ बरा.
- काहिलीचा तळ: थेट जाळावर पातळ पत्रा वेडावाकडा होतो. इथे जाड हॉट रोल्ड ३०४ चालतो, मात्र आतली बाजू पॉलिश करून घ्या.
- पाय, चौकट, फ्लँज, तळाची जाड प्लेट: हॉट रोल्ड पुरेसा.
- खताचे द्रावण: म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. त्याने स्टीलला बारीक छिद्रे पडतात. फर्टिगेशनला आणि जीवामृताला प्लॅस्टिकची टाकी स्वस्त आणि टिकाऊ.

बोअरचे पाणी साठवणार असाल तर आधी पाणी तपासून घ्या. क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ३०४ चालतो. त्यापुढे साधारण १००० पर्यंत ३१६ लागतो. क्षारांचा पांढरा थर साचू देऊ नका, त्याखालीच छिद्रे पडायला सुरुवात होते.

जाड म्हणजे मजबूत?

५,००० लिटरची उभी टाकी घ्या: व्यास १.८ मीटर, उंची २ मीटर. तळ, झाकण आणि बाजू धरून सुमारे १६.४ चौ. मीटर पत्रा लागतो. १ मि.मी. जाडीचा १ चौ. मीटर पत्रा सुमारे ८ किलो भरतो. म्हणजे १.५ मि.मी. पत्र्याला जवळपास २०० किलो आणि ३ मि.मी. हॉट रोल्डला जवळपास ४०० किलो स्टील.

पाण्याच्या दाबाने १.५ मि.मी. भिंतीवर येणारा ताण सुमारे १२ मेगापास्कल असतो, तर ३०४ किमान २०५ मेगापास्कलपर्यंत कायमचा ताणला जात नाही. म्हणजे दाबासाठी पातळ पत्रा पुरतो. अडचण येते ती पोचे पडण्याची आणि हलवताना वाकण्याची. त्यासाठी बाजूंना कड्या आणि तळाला चांगला आधार द्या. प्रति किलो दर कमी म्हणून जाड हॉट रोल्ड घेतला, तरी वजन दुप्पट झाल्याने एकूण खर्च वाढू शकतो.

ऑर्डर देताना हे पाहा

१. जाडी गेजमध्ये नको, मि.मी.मध्ये लिहून घ्या आणि कॅलिपरने स्वतः मोजा.
२. बिलावर ग्रेड, जाडी आणि फिनिश तिन्ही लिहून घ्या.
३. जोड आर्गॉन वेल्डिंगचे असावेत. आतले जोड घासून गुळगुळीत करावेत आणि पिकलिंग पेस्टने स्वच्छ करावेत.
४. लोखंड घासलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा लोखंडी तारेचा ब्रश स्टीलवर वापरू देऊ नका. त्याचे कण अडकून गंज दिसू लागतो.
५. लोखंडी पाय थेट टाकीला जोडू नका. मध्ये त्याच ग्रेडच्या स्टीलची पट्टी लावा.
६. टाकी २४ तास पाण्याने भरून गळती तपासा, मगच शेवटची रक्कम द्या.
७. ब्लीचिंगच्या पाण्याने धुतल्यास लगेच स्वच्छ पाण्याने खळखळून काढा.

थोडक्यात, ज्या पृष्ठभागाला खाण्यापिण्याची वस्तू लागते तिथे कोल्ड रोल्ड ३०४, आणि जिथे फक्त वजन पेलायचे तिथे हॉट रोल्ड. एकाच टाकीत दोन्ही वापरता येतात. वर्कशॉपला जाण्यापूर्वी टाकीत काय भरणार, किती लिटर आणि कशाने धुणार, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. म्हणजे एचआर की सीआर, याचे उत्तर दुकानदार देण्याआधी तुमच्याकडे असेल.