टाचणीची उशी आणि दवाखान्याची पायरी

थंडी सरली की घरोघरी लोकरीच्या पिशव्या बांधून माळ्यावर जातात. नातवाचे टोपडे होते, स्वेटरची बाही होते, तरी तळाशी पाच-दहा ग्रॅमचे चार-सहा गुंडे उरतातच. टाकवत नाहीत आणि त्यांचे काही होतही नाही. आरोग्याच्या सदरात ही लोकर कुठून आली, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. त्याच घरात शिवणाचा एक डबा असतो. बहुधा बिस्किटांचा रिकामा, पत्र्याचा. त्यात रिळे, बटणे, हुक, टेप, कात्री आणि तळाशी मोकळ्या सुया-टाचण्या. या मोकळ्या सुया दवाखान्यात रुग्ण पाठवतात. उरलेल्या लोकरीतून क्रोशाने त्यांना घर करून दिले, तर दोन्ही प्रश्न सुटतात.

पायात घुसलेली सुई

सांडलेली सुई फरशीवर दिसत नाही. सतरंजीत तर ती उभी राहते. अनवाणी पाय पडला की आत जाते आणि पुष्कळदा मोडते. बाहेरचा तुकडा हाती लागतो, आतला तसाच राहतो. अशा वेळी घरी चिमटा किंवा दुसरी सुई घेऊन उकरत बसू नये. आतला तुकडा चालताना पुढे सरकू शकतो. जखम साबण-पाण्याने धुवावी, त्या पायावर भार देऊ नये आणि दवाखाना गाठावा. धातूचा तुकडा एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो.

मधुमेह असलेल्यांनी हे दोनदा वाचावे. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. माझ्याकडे एक गृहस्थ ‘पाय सुजला आहे’ एवढीच तक्रार घेऊन आले होते. दुखत नव्हते, त्यामुळे आठवडाभर त्यांनी लक्ष दिले नाही. एक्स-रेमध्ये अर्धी सुई दिसली. तोवर आत पू झाला होता. घरात शिवणकाम करणाऱ्या सूनबाईंना सुई हरवल्याचा पत्ताच नव्हता. शस्त्रक्रिया होऊन पाय वाचला, पण जखम भरायला दोन महिने गेले. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहावा आणि घरातही चप्पल वापरावी.

गंज आणि धनुर्वात

‘सुई गंजलेली नव्हती, मग इंजेक्शन कशाला?’ असे नेहमी विचारले जाते. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. खोल, बारीक जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात. चकचकीत सुईही धुळीत पडलेली असेल तर धोका तोच. लसीचे तीन डोस पूर्वी पूर्ण झाले असतील, तर स्वच्छ लहान जखमेला दहा वर्षांच्या आत पुन्हा इंजेक्शन लागत नाही; मळलेल्या किंवा खोल जखमेला पाच वर्षे हा हिशेब धरतात. सरकारी दवाखान्यात आता ‘टीटी’ऐवजी ‘टीडी’ लस देतात. तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते लिहून ठेवावे.

तोंडात टाचणी नको

शिवताना दोन ओठांत टाचण्या धरण्याची सवय फार जणांना असते. मध्येच हसू आले, ठसका लागला, कोणी हाक मारली की टाचणी आत. ही सवय साऱ्या जगाची आहे. डॉ. शेव्हॅलिए जॅक्सन (१८६५–१९५८) या अमेरिकन तज्ज्ञाने रुग्णांच्या अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपलेल्या आहेत. त्यात टाचण्या आणि सेफ्टी पिना भरपूर आहेत.

मुलाने सुई किंवा पिन गिळली असा नुसता संशय आला तरी केळे, भात, भाकरी काही भरवू नये. उलटी काढू नये, घशात बोट घालू नये. पाणीही न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. दुर्बिणीने वस्तू काढताना भूल द्यावी लागते, त्यासाठी पोट रिकामे असलेले बरे. लाळ गळणे, गिळता न येणे, एकसारखा खोकला, श्वासाला त्रास किंवा उलटीत रक्त दिसले तर १०८ ला फोन करावा.

आता लोकर काढा

टाचणीच्या उशीसाठी तीन इंची दोन गोल चकत्या विणाव्यात. मधून सुरुवात करून फेरीफेरीने वाढवत जावे. टाके अगदी जवळजवळ आणि घट्ट घ्यावेत. जाळीदार विणीतून टाचणी आत बुडते आणि पुढे भलत्या ठिकाणी टोचते. चकत्या कडेने जोडताना खालच्या बाजूला जाड प्लास्टिकची चकती ठेवावी, म्हणजे टोक खालून बाहेर येणार नाही. आत लोकरीचेच बारीक तुकडे दाबून भरावेत. कापूस पावसाळ्यात ओल धरतो आणि सुया गंजतात. मनगटावर बांधायची उशी केली, तर ही प्लास्टिकची चकती विसरूच नये.

सुयांसाठी बोटभर लांबीची घडीची डायरी विणावी आणि आत जुन्या गरम कपड्याची दोन पाने शिवावीत. कात्रीच्या टोकाला शंकूसारखी टोपी करावी. एवढ्याला उरलेले गुंडे पुरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. हौसेने उशीला टोमॅटोचा, सशाचा आकार देतात, मणी लावतात. रांगणाऱ्या मुलाला ते खेळणेच वाटते आणि ते प्रथम तोंडात जाते. घरात लहान मूल असेल तर उशी साधी, गडद एकरंगी करावी आणि झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर ठेवावी.

ऑपरेशनच्या खोलीत शस्त्रक्रिया संपवण्यापूर्वी सुया मोजतात. संख्या जुळल्याशिवाय टाका पूर्ण करत नाहीत. हीच शिस्त घरी आणावी. डब्याच्या झाकणावर ‘सुया ८, टाचण्या २०’ असा कागद चिकटवावा आणि उठताना मोजावे. सुई ठेवताना तिच्यात वीतभर रंगीत दोरा असू द्यावा, म्हणजे पडली तरी सापडते.

हातांचेही ऐकावे

क्रोशाचे काम मनाला शांत करते. मिश्री सोडू पाहणाऱ्या काही बायकांना मी हेच सुचवतो. हात गुंतले की तलफेची पहिली दहा मिनिटे निघून जातात. पण अती तिथे माती. दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवावी, बोटे ताणावीत, मान फिरवावी, दूर पाहावे. बारीक क्रोशाच्या सुईच्या दांड्यावर लोकर गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे पकड सैल राहते. चाळिशी आली असेल तर चष्मा लावूनच बसावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोप मोडत असेल, किंवा सकाळी बोट आकड्यासारखे अडकत असेल, तर ते थकव्याचे म्हणून सोडू नये. असे त्रास मधुमेह आणि थायरॉईडच्या रुग्णांत जास्त दिसतात, तपासून घ्यावे.

या रविवारी शिवणाचा डबा वर्तमानपत्रावर उपडा करा. गंजलेल्या आणि वाकड्या सुया घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वेगळ्या टाका. नुसत्या कचऱ्यात टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. उरलेल्या मोजा. मग लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली घ्या.