प्रतिध्वनीने पाहिलेला गर्भ

विहिरीत हाक मारली की ती परत येते, आणि यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. सोनोग्राफीचे यंत्र हेच करते. फक्त त्याची हाक आपल्या कानांना ऐकू येत नाही इतकी बारीक असते. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी धातूतील चिरा शोधणारे कारखान्यातले यंत्र पोटावर लावून पाहिले, आणि १९५८ साली त्यांची गर्भाची चित्रे प्रसिद्ध झाली.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तांदळाच्या दाण्याहूनही लहान जिवात एक लुकलुक दिसते. ते हृदय! आठव्या आठवड्यात डोक्यात काळा ठिपका दिसतो. तो वाढत्या मेंदूतला पाण्याचा कप्पा, भोक नव्हे.

पण खरी गंमत आतड्यांची. ती इतक्या झपाट्याने वाढतात की इवल्याशा पोटात मावत नाहीत. तिथली जागा यकृताने आधीच अडवलेली असते. मग ती नाळेच्या मुळाशी शिरतात, तिथेच वाढतात, पीळ घेतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. म्हणून दहाव्या आठवड्यात नाळेपाशी दिसणारा आतड्यांचा लहानसा फुगवटा हा दोष नव्हे. तोच चौदाव्या आठवड्यात दिसला, तर मात्र पुढची तपासणी हवी.

म्हणजे सगळे दिवसांवर आले. आणि आपल्याकडे दिवस कसे सांगतात? “नागपंचमीच्या आगेमागे पाळी आली होती बघा!” एवढ्यावरून दहावा की तेरावा, काय ठरवणार? इथे १९७३ साली ह्यू रॉबिन्सन यांनी दाखवलेली रीत उपयोगी पडते. गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजायची. आठव्या आठवड्यात ती सुमारे १६ मिलिमीटर, बाराव्यात सुमारे ५४. त्यावरून दिवस बऱ्यापैकी नेमके कळतात. पुढे मुले लहानमोठी होऊ लागतात, आणि मग मापावरून दिवस तितके नेमके सांगता येत नाहीत. तेव्हा पहिली तपासणी वेळेवर करा, तिचा कागद जपून ठेवा, आणि पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहीत जा. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

हृदयाचे चारही कप्पे, मूत्रपिंडे, कणा यांची सविस्तर पाहणी १८ ते २० आठवड्यांना होते. त्यासाठी पुन्हा जावे लागते.