‘ऐनकवाला जिन’ : स्मरणरंजन आणि कथाबीज

पाकिस्तान टेलिव्हिजनच्या लाहोर केंद्राने १९९३ पासून सादर केलेली ‘ऐनकवाला जिन’ ही उर्दू बालमालिका तेथील एका पिढीच्या स्मरणरंजनाचा हक्काचा विषय आहे. डोळ्यांवर उपचार करून घेण्यासाठी काफ पर्वतावरून पृथ्वीवर आलेला नस्तूर जिन हा तिचा नायक. तथापि प्रेक्षकांच्या ओठांवर राहिला तो झकूटा. काम सांगा, नाही तर कोणाला खाऊ, हा त्याचा धोशा.

लोककथेच्या अभ्यासकाला हे कथाबीज अपरिचित नाही. भारतीय लोककथेतील भूतही काम संपताच मालकालाच खाऊ पाहते. मग मालक त्याला खांबावर अखंड चढउतार करायला लावतो. कथेत या मागणीला तोडगा आहे. मालिकेत तिचे पालुपद झाले, आणि भयाची जागा हास्याने घेतली. म्हणूनच या स्मरणरंजनाचे मूळ केवळ हरवलेल्या बालपणात शोधणे मला अपुरे वाटते. फाळणीपूर्वीच्या सामाईक कथापरंपरेचा तो अवशेष आहे. मालिकेचे लेखक ए. हमीद हेही मूळचे अमृतसरचे.

अर्थात हे स्मरण पात्रांचे, नटांचे नव्हे. बिल बतोरी ही चेटकीण घरोघरी पोहोचवणाऱ्या नुसरत आरा २०१७ साली लाहोरमध्ये हलाखीतच निवर्तल्या.