पत्त्यांचा डाव आणि मुलांचं गणित

मे महिन्याच्या सुट्टीत पत्त्यांचा कॅट बाहेर निघाला की "त्यापेक्षा पाढे म्हणा" असा दम मुलांना हमखास मिळतो. पण वहीत दहा गणितं करताना कंटाळणारं मूल डावात त्याहून जास्त आकडेमोड आनंदानं करतं. म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : पत्ते म्हणजे जुगार.
वस्तुस्थिती : जुगार होतो तो पैसे लावल्यामुळे. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट हे खेळ पैशांविना पिढ्यान्‌पिढ्या खेळले गेले आहेत. मुलांसोबत खेळताना पैसे नकोत, चॉकलेटंही नकोत. गुण कागदावर मांडावेत आणि बेरीज मुलांनाच करू द्यावी.

गैरसमज : सगळा नशिबाचा खेळ, डोकं लागतच नाही.
वस्तुस्थिती : कोणती पानं येतील, एवढंच नशिबावर. पुढे सगळा हिशेब. मेंढीकोटात हुकमाची नऊ पानं पडून गेली आणि दोन माझ्या हातात आहेत, तर बाहेर किती? 13 वजा 11, म्हणजे दोन. पुढचं पान टाकण्याआधी मुलाला ही वजाबाकी मनातल्या मनात करावीच लागते.

गैरसमज : फार तर बेरीज-वजाबाकी पक्की होईल.
वस्तुस्थिती : पाच-तीन-दोन पाहा. तिघे खेळाडू, 30 पानं, प्रत्येकाला दहा, म्हणून एकूण हात दहा. पाचवाल्यानं सहा हात केले, तीनवाल्यानं तीन आणि दोनवाल्याचा एकच झाला, तर हिशेब होतो अधिक एक, शून्य, उणे एक. पुढच्या डावात पहिला तिसऱ्याचं एक पान ओढतो. या फरकांची बेरीज दर डावाला शून्यच येते. ती का, हे मुलाला शोधू द्या. ऋण संख्या पुस्तकात येण्याआधीच ओळखीच्या होतील. पुढे दहावीच्या संभाव्यतेत 52 पत्त्यांच्या कॅटवर गणितं असतातच. चित्रांची पानं 12 आणि बदाम 13, हे हाताळून माहीत असलेल्या मुलाला ती परकी वाटत नाहीत.

गैरसमज : पत्ते हातात दिले की गणित आपोआप येतं.
वस्तुस्थिती : गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या बालवाडीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळ पत्त्यांचा नव्हता, पटावरचा होता. घरांमधले आकडे मोठ्यानं म्हणत खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली; तशाच पटावर फक्त रंगांची नावं घेत खेळलेल्यांची वाढली नाही. म्हणून बदाम सात खेळताना लहानग्याला विचारा, "सहाच्या खाली कोणतं पान लागेल?" मोठ्याला विचारा, "हेच पान का टाकलंस?" उत्तराची घाई करू नका आणि त्याच्या वतीनं मोजू नका. मोठ्यांनी सोबत बसून असं बोलतं केलं, तरच पत्त्यांमधलं गणित मुलांचं होतं.