वॉलआय मासा, त्याच्या नद्या आणि शेतातील स्फुरद

उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यात मार्च महिना निम्मा सरला म्हणजे मॉमी नदीच्या पात्रात एक निराळे दृश्य दिसू लागते. बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि पाणी इतके थंड असते की, उघड्या पायांनी त्यात क्षणभरही उभे राहवू नये. तरीही पेरिसबर्ग व मॉमी या समोरासमोर वसलेल्या दोन गावांमधील खडकाळ पात्रात माणसे छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवून कमरेइतक्या पाण्यात रांगेने उभी असतात. प्रत्येकाच्या हाती काठी व दोर, आणि दोराच्या टोकास एकच गळ. एकापेक्षा अधिक टोकांचा गळ या काळात वापरू नये, सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर गळ टाकू नये, आणि तोंडाऐवजी अंगात गळ अडकून आलेला मासा परत सोडावा, असे तेथील नियम आहेत. ज्या माशासाठी ही गर्दी लोटते त्याचे नाव वॉलआय.

शेतकऱ्यांच्या पत्रिकेत परदेशातील गळाच्या छंदास जागा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु या माशाची हकीगत पुढे थेट शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचते. ग्रामसेवकांनी ती समजून घ्यावी म्हणून हा लेख.

वॉलआय हा पर्च कुळातील गोड्या पाण्याचा मासा होय. पाठ हिरवट-पिवळी, पोट पांढरे, शेपटीच्या खालच्या टोकास पांढरा डाग आणि डोळे मोठे व दुधी, ही त्याची ओळख. कॅनडात अनेक ठिकाणी त्यास पिकरेल म्हणतात. रात्री कंदिलाचा उजेड पडताच बैलाचा डोळा जसा चमकतो तसाच याचाही चमकतो, कारण डोळ्यातील पडद्यामागे उजेड परतविणारा एक थर असतो. त्यामुळे अंधुक प्रकाशात त्यास इतर माशांहून चांगले दिसते व पहाटे, सांजवेळी अगर वाऱ्याने पाणी गढूळ झाले असता तो भक्ष्यास निघतो. गळ टाकणारे जाणते लोकही याच वेळा साधतात. आमिष म्हणून जिवंत लहान मासे, गांडुळे व जळवाही वापरतात. गळास शिशाचा मणी जोडलेला असतो, तेणेकरून आमिष तळाशी राहते. या माशाचे मांस पांढरे, घट्ट व कमी काट्यांचे असते आणि बाजारात त्यास चांगली मागणी आहे.

अंडी घालण्याची त्याची रीत विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाण्याचे उष्णतामान सुमारे ६ ते १० अंश सेल्सिअस झाले की, नर प्रथम व मागोमाग माद्या खडकाळ उथळ पाण्यात येतात. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. घरटे नाही, राखण नाही. अंडी दगडगोट्यांच्या फटींत पडतात व आई-बाप निघून जातात. फटींतून स्वच्छ पाणी वाहत राहिले तर दोन-तीन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. गाळ बसला तर अंडी गुदमरून मरतात. सबब वॉलआयची नदी म्हणजे गोट्यांची व वाहत्या पाण्याची नदी, असे समजावे. मॉमीच्या पूर्वेकडील सँडस्की नदीवर बॉलव्हिलचा जुना बंधारा माशांची वाट अडवून होता. तो २०१८ साली पाडण्यात आला, त्याच्या कारणांत वॉलआयला वरच्या गोट्यांपर्यंत जाता यावे हेही एक होते.

मॉमी ज्या ईरी सरोवरास मिळते ते पंचमहासरोवरांपैकी सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली १९ मीटर, तर पश्चिमेकडील भागाची जेमतेम ७ मीटर आहे. उथळ पाणी लवकर तापते, त्यात जीवसृष्टी विपुल वाढते व मासेही विपुल होतात. मात्र जे घाण करावयाचे तेही याच सरोवरात प्रथम जाणवते. शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचा मळ यांनी गेल्या शतकाच्या मध्यास ईरीची अवस्था अशी झाली की, वृत्तपत्रे त्यास मृत सरोवर म्हणू लागली. वॉलआयचा एक निळसर भाऊबंद, ब्लू पाइक, या सरोवरात अमाप सापडत असे. १९५० नंतरच्या दशकात तो झपाट्याने नाहीसा झाला व १९८३ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. १९७० साली माशांच्या अंगात पारा आढळला आणि मासेमारी बंद करणे भाग पडले.

पुढे १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्याविषयी करार केला, सांडपाण्यातील स्फुरद कमी करण्याचे मोठे काम हाती घेतले, आणि १९७६ पासून वॉलआय वर्षाकाठी किती धरावयाचे याची मर्यादा ठरू लागली. ही मर्यादा पाण्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटली जाते. ओहायोस निम्म्याहून किंचित अधिक, कॅनडातील ओंटारिओ प्रांतास सुमारे ४३ टक्के आणि मिशिगनला सुमारे ६ टक्के, असा हा वाटा आहे. ओहायोच्या बाजूस वॉलआय केवळ गळाने धरता येतो, तर ओंटारिओच्या बाजूस जाळ्यांचा व्यापारी धंदा चालतो. मासा परत आला. १९८२, २००३, २०१५ व २०१८ या वर्षी पिले विशेष मोठ्या संख्येने वाचली. अशा एका चांगल्या हंगामावर सरोवराचे पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न चालते.

आता बांधाकडे वळू. मॉमीचे खोरे हे एके काळी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाच्या विस्तीर्ण दलदलीने व्यापलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून व जमिनीखाली मातीचे नळ घालून या दलदलीचे पाणी काढण्यात आले. तिच्या जागी मका, सोयाबीन व गव्हाची अत्यंत सुपीक शेते उभी राहिली. नळ आजही जमिनीखाली आहेत. आता ते बहुधा प्लॅस्टिकचे असतात. शेतात पडलेले जादा पाणी त्यांतून चरात, चरातून ओढ्यात व ओढ्यातून मॉमीत उतरते. या पाण्याबरोबर पिकास दिलेल्या खतातील व शेणखतातील स्फुरदही उतरते.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. धूप थांबविण्यासाठी या भागातील शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली, व ते योग्यच होते, कारण मातीबरोबर वाहून जाणारे स्फुरद त्यामुळे घटले. परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेल्या स्फुरदाचे प्रमाण वाढू लागल्याचे आढळले. अनेक संशोधकांच्या मते याचे एक कारण असे की, न नांगरलेल्या जमिनीवर फेकून दिलेले खत वरच्या थरातच साचत राहते, आणि जोराचा पाऊस आला म्हणजे गांडुळांची बिळे व भेगा यांतून थेट खालच्या नळात उतरते. एका दुखण्यावरील औषधाने दुसरे दुखणे उभे राहावे, असा हा प्रकार झाला. अर्थात नांगरट पुन्हा सुरू करावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दर एकरी जाणारे स्फुरद अगदी थोडे असते. त्याच्या हिशेबाच्या वहीत ते दिसतही नाही. पण लाखो एकरांचे थोडे थोडे मिळून सरोवरात येते, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात पश्चिम भागाच्या पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर पसरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये या शेवाळातील विष टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात उतरले. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नये, असा इशारा देण्यात आला, व तो सुमारे अडीच दिवस कायम राहिला. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण उकळल्याने पाणी आटून विष अधिक दाट होते.

कोणी म्हणेल की, मग मासे कसे वाढले? २०१५ साली शेवाळ अतोनात होते आणि वॉलआयची पिलेही अतोनात झाली, हे खरे आहे. मॉमीतील अंडी एप्रिलच्या सुमारास फुटतात व शेवाळ त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी येते. शिवाय वाढलेले मासे उन्हाळ्यात पूर्वेच्या खोल व थंड पाण्याकडे निघून जातात. काही तर डेट्रॉइट नदी चढून ह्युरॉन सरोवरापर्यंत जातात. तेव्हा केवळ गळास मासा लागतो एवढ्यावरून पाणी निर्दोष आहे, असे मानता येणार नाही.

अमेरिका व कॅनडा यांनी २०१६ साली असे ठरविले की, २००८ सालच्या मानाने स्फुरद ४० टक्क्यांनी कमी करावयाचे. मॉमीपुरता हिशेब असा की, मार्च ते जुलै या पाच महिन्यांत तिच्यातून ८६० मेट्रिक टनांहून अधिक स्फुरद सरोवरात जाऊ नये. त्यासाठी सांगितलेले उपाय आपल्या वाचकांस अपरिचित वाटणार नाहीत. माती परीक्षणाशिवाय खत घालू नये. खत वर न फेकता बियांबरोबर अगर ओळीत जमिनीखाली पेरावे; आपल्याकडे दोन चाड्यांच्या पाभरीने जे साधते तेच येथे यंत्राने साधतात. मोठा पाऊस अपेक्षित असता खत देऊ नये. गोठलेल्या अगर पाण्याने भरलेल्या जमिनीवर खत टाकण्यास या खोऱ्यात ओहायो राज्याने २०१५ साली कायद्यानेच बंदी घातली. ओढ्याकाठी गवताचे पट्टे ठेवणे, नळाच्या तोंडाशी झडप बसवून पाणी रोखून धरणे, आणि जुन्या दलदलीचे काही तुकडे पुन्हा पाणथळ करणे ही कामेही चालू आहेत. ज्या दलदलीस आटविण्यात दोन पिढ्या खपल्या, तिचे तुकडे आता पैसे देऊन परत आणावे लागत आहेत.

वॉलआयसाठी प्रसिद्ध असलेली इतर ठिकाणे पुष्कळ आहेत. मिनेसोटा व कॅनडा यांच्या सीमेवरील लेक ऑफ द वुड्स हे हजारो बेटांचे सरोवर हिवाळ्यात गोठते, तेव्हा लोक बर्फावर लहान झोपड्या ओढून नेतात व बर्फास भोक पाडून गळ सोडतात. मिसूरी नदीवरील ओआही व साकाकाविया हे धरणांचे प्रचंड जलाशयही या माशासाठी नावाजलेले आहेत. उत्तर डकोटातील डेव्हिल्स लेकला बाहेर पडण्यास नैसर्गिक वाट नाही. १९९३ पासून २०११ पर्यंत त्याचे पाणी सुमारे ३० फूट चढले, शेते, रस्ते व कुंपणे बुडाली आणि त्याच बुडालेल्या झाडांच्या आसऱ्यास वॉलआय वाढला. गळाच्या छंदी लोकांस ते सरोवर स्वर्ग वाटते. ज्यांची जमीन गेली त्या शेतकऱ्यांस काय वाटत असेल, हे सांगावयास नको.

मिनेसोटाने १९६५ साली वॉलआयला राज्याचा मासा ठरविले. अंडी घालण्याच्या दिवसांत तेथे वॉलआय धरण्यास बंदी असते व मे महिन्यात ती उठते. पहिल्या दिवशी राज्यपाल गळ टाकण्यास स्वतः येतात, ही प्रथा १९४८ पासूनची आहे. याच राज्यातील मिल लॅक्स सरोवराचे पाणी बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी गाळून फार नितळ केले. अंधुक पाण्यात रमणाऱ्या वॉलआयला ते मानवले नाही. पिले तगेनाशी झाली, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्यास हंगाम मध्येच बंद करावा लागला.

परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत बोधप्रद ठिकाण रेड लेक हे होय. मिनेसोटाच्या उत्तरेस अप्पर रेड व लोअर रेड अशी दोन जोडसरोवरे असून त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे २,८८,००० एकर आहे. त्यांचा बहुतेक भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक जमातीच्या मालकीचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा १९१७ साली येथे व्यापारी मासेमारी सुरू झाली, आणि १९२९ साली जमातीच्या मच्छीमारांनी आपली सहकारी संस्था स्थापन केली. अनेक वर्षे धंदा नीट चालला. पुढे संस्थेची जाळी, राज्याच्या बाजूचे गळ आणि चोरटी विक्री या तिहींचा भार मिळून इतका झाला की, १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अंडी घालण्याजोगे मासेच उरले नाहीत. कोणी किती धरले यावरून वाद घालण्यास पुष्कळ जागा होती.

१९९७ साली संस्थेच्या मच्छीमारांनी आपण होऊन जाळी काढून घेतली. ज्यांचे पोट त्यावर चालत होते त्यांनी हे केले, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांस या प्रसंगाची कल्पना चांगली येईल. १९९९ साली जमात, राज्याचे खाते व केंद्र सरकारचे आदिवासीविषयक खाते यांच्यात करार होऊन दोन्ही सरोवरांत वॉलआय धरणे पूर्णपणे बंद झाले. १९९९, २००१ व २००३ या एकाआड एक वर्षी मिळून दहा कोटींहून अधिक मत्स्यजिरे सोडण्यात आले. त्यांना औषधाच्या पाण्यात बुडवून हाडांत न पुसणारी खूण केलेली होती, म्हणजे पुढे सापडलेला मासा सोडलेला की तलावात उपजलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता यावे. मधल्या वर्षी मुद्दाम काही सोडले नाही, त्यामुळे तलाव आपल्या बळावर किती पिले देतो तेही समजले.

२००६ साली सरोवर पुन्हा खुले झाले. अप्पर रेडच्या पूर्वेकडील सुमारे ४८,००० एकर पाणी राज्याकडे आहे व तेथे परवाना घेऊन कोणासही गळ टाकता येतो. बाकीचे सर्व पाणी जमातीचे. किती मासे धरले याची नोंद दोन्ही बाजू ठेवतात आणि एकमेकांस दाखवितात. राज्याच्या बाजूस दररोज किती मासे घ्यावयाचे व किती लांबीचे परत सोडावयाचे, हे त्या नोंदीवरून ठरते आणि गरज पडेल तसे बदलले जाते.