‘पाइन’ मागितलं तर नेमकं कोणतं झाड द्यायचं?



पाऊस ओसरला की पौड, पिरंगुट, कोळवण, ताम्हिणी भागातल्या फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांची मागणी सुरू होते. “गेटजवळ पाइन लावून द्या”, “डिसेंबरला ख्रिसमस ट्री पाहिजे.” आपले बरेच सभासद बागेची कामं घेतात, काहींची छोटी नर्सरी आहे. चुकीचं झाड दिलं आणि ते मेलं, तर पैसे अडकतात आणि गिऱ्हाईकही तुटतं. म्हणून रोपं आणायच्या आधी एवढं वाचा.

*आधी झाड ओळखा*

‘पाइन’ या एका नावाखाली चार वेगवेगळी झाडं विकली जातात.

१) *चीड* – हा खरा पाइन, हिमालयातला. लांब सुया, तीन-तीनच्या जुडग्यात. आपल्या सह्याद्रीत पाइन मुळात उगवतच नाही.

२) *अरोकेरिया* – नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो बहुतेक हाच. फांद्या मजल्यासारख्या, एकावर एक. मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. पाइन नाही.

३) *सुरू* – काशीद, अलिबागच्या किनाऱ्यावर दिसतो तो. त्याची ‘सुई’ ओढून बघा, सांध्यासांध्यावर तुटते. हाही पाइन नाही.

४) *मोरपंखी* – चपटी, पंख्यासारखी पालवी. कुंपणाला आणि कुंडीत चालते.

*आपल्याकडे काय टिकतं?*

आपला प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा आहे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अशा पावसात भातखाचराच्या कडेला किंवा चिकट मातीच्या खोलगट जागी अरोकेरिया लावला की मुळं कुजतात. उताराची, मुरमाड जागा निवडा. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.

चीड लावायचा आग्रह झाला तर मालकाला स्पष्ट सांगा. त्याच्या वाळलेल्या सुयांत राळ असते, त्या झटकन पेटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगराला वणवे लागतात. घराशेजारी असा पालापाचोळा नको.

वारा अडवायला सुरू चांगला, पण निचऱ्याच्या जागी आणि भाताच्या बांधापासून लांब. सावली आणि गळलेल्या काड्यांचा थर, दोन्ही पिकाला नडतात.

शंकूसारखा आकार आणि बारमाही हिरवेपणा एवढंच हवं असेल, तर नागकेशर सुचवा. वाढ हळू आहे, पण झाड आपल्या पावसाला सरावलेलं. सावलीसाठी बकुळ आहेच.

*अरोकेरिया जमिनीत लावताना*

कुंडीतलं तीन फुटी रोप गोड दिसतं, पण हे झाड पुढे पाच-सहा मजली इमारतीएवढं होतं. घर, विजेची तार आणि विहीर यांपासून किमान २५-३० फूट लांब लावा. शेंडा छाटून उंची रोखता येत नाही, फक्त आकार बिघडतो. खालच्या फांद्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.

याच कुळातला कूक पाइन विषुववृत्ताच्या दिशेला कलतो, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या खंडांतली झाडं मोजून हे दाखवलं. मालकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर “वाकडं लावलं” असा बोल येणार नाही.

*रोप घेताना बघा*

✅ शेंडा एकच, सरळ आणि शाबूत हवा.
✅ फांद्या चारही बाजूंना सारख्या हव्यात. आडव्या फांदीच्या कलमापासून केलेलं रोप आडवंच वाढतं, वर जात नाही.
✅ एका कुंडीत दोन-तीन रोपं कोंबलेली नकोत.
✅ पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप घेऊ नका.

*डिसेंबरसाठी: विकण्यापेक्षा भाड्याने द्या*

२५ डिसेंबर झाला की कुंडी कोपऱ्यात पडते, पाणी मिळत नाही, रोप वाळतं. तेच रोप भाड्याने दिलं तर पुढची काही वर्षं पुन्हा कामाला येतं. भाडं ठरवताना रोप, कुंडी, माती, वाहतूक, वर्षभराची मजुरी आणि मरतुक हे सगळं धरा. गाडीभाडं आणि अनामत रक्कम वेगळी घ्या.

देताना या अटी लिहून द्या:
– घरात दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको, तेही खिडकीजवळ उजेडात.
– फक्त एलईडी माळ. रंगाचा किंवा बर्फाचा स्प्रे मारायचा नाही.
– एसीच्या झोतात ठेवायचं नाही. वरची माती सुकली की मगच पाणी.

परत आल्यावर थेट उन्हात ठेवू नका, पालवी करपते. आठवडाभर शेडनेटखाली, मग हळूहळू उन्हात.

या डिसेंबरला ज्यांना रोपं लागणार आहेत, त्यांनी संख्या आपल्या गटप्रमुखाकडे द्या. उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून एकत्र गाडी आणली तर भाडं वाटून जाईल, आणि रोपं निवडून घेता येतील.

– कृषी सल्ला विभाग